कानटोपी, मफलर, हातमोजे : एका संचाचा हिशेब

(संस्थेच्या हस्तकला प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे आयुष्य शिवण-विणकामाचे तास घेण्यात गेले. घरची बोली दखनी आणि शिकवण्याची भाषा मराठी, त्यामुळे एकाच तासात माझ्या तोंडी 'फंदे'ही येत आणि 'टाके'ही येत. मुली हसत, पण विणायला शिकत. आज प्रदर्शनाचे उद्घाटन मी करावे असा आपण आग्रह धरलात. म्हणून भाषणाऐवजी तासच घेते. तासाचा विषय आहे त्या कोपऱ्यातल्या टेबलावर मांडलेला : कानटोपी, मफलर आणि हातमोजे यांचा एका लोकरीचा, एका नक्षीचा संच.

मघाशी एका पालकांनी मला विचारले, "आपा, आपल्याकडे आठ महिने ऊन. इथे लोकर कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण उरलेल्या महिन्यांचीही पहाट असते. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. नांदेडला गोदावरीकाठची पौषातली हवा कशी बोचते ते सकाळी सहाला सायकलवरून शिकवणीला जाणाऱ्या मुलांना विचारा. रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देणाऱ्याला विचारा. आपल्या धनगर बांधवांची घोंगडी अंगावर उत्तम, परंतु ती लोकर राठ. लहान मुलाच्या मानेला आणि कानाला ती टोचते. तिथे मऊ लोकरीचे विणकामच हवे.

आणि हे विणकाम आपल्याला परके नाही. पुष्कळांना वाटते की दोन सुयांचे विणकाम मडमांनी आणले. आपल्या शाळांत ते मिशनरी बायांमुळे रुळले हे खरेच आहे. परंतु सुयांवर विणलेल्या ज्या सर्वांत जुन्या वस्तू आज जगात पाहायला मिळतात, त्यांत इजिप्तमधील मोजे येतात. ते अंदाजे अकराव्या ते चौदाव्या शतकातले, म्हणजे तेथील मुस्लिम राजवटींच्या काळातले आहेत. निळ्या आणि पांढऱ्या सुताचे आहेत, काहींवर कुफी अक्षरांसारखी नक्षी आहे. आणि ते लोकरीचे नाहीत, कापसाचे आहेत! कापूस पिकवणाऱ्या नांदेडच्या मुलींनी हे लक्षात ठेवावे. पुढे स्पेनमध्ये बुर्गोस शहराजवळच्या लास वेल्गास मठात राजपुत्र फेर्नांदो दे ला सेर्दा याच्या कबरीत रेशमाची विणलेली उशी सापडली. हा राजपुत्र 1275 मध्ये वारला. राजपुत्र ख्रिस्ती, मठ ख्रिस्ती, पण उशीच्या कडेला अरबी शब्द विणलेला आहे : 'बरका', म्हणजे बरकत. ते काम मुसलमान कारागिरांचे असावे असे अभ्यासक मानतात. आता विचार करा, सुईवर अक्षर कसे उमटते? प्रत्येक ओळीत कोणता टाका निळा, कोणता पांढरा, हे मोजल्याशिवाय उमटत नाही. त्या कारागिराच्या बोटांत जितकी कला होती तितकेच गणित होते.

हे गणित मी स्वतः फार उशिरा शिकले, आणि ज्या प्रसंगाने शिकले तो आज सांगते.

30 सप्टेंबर 1993. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चार वाजायला थोडी मिनिटे कमी. किल्लारीचा भूकंप. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना त्याविषयी मी सांगायला नको. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. जी वाचली त्यांचा पुढचा हिवाळा पत्र्याच्या निवाऱ्यांत गेला. पत्रा दुपारी तापतो आणि रात्री बर्फासारखा होतो. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी ठरवले की लहान मुलांसाठी गरम संच विणायचे. कोणी घरातली जुनी स्वेटरे उसवली, कोणी दुकानातून लोकर आणली. मी सगळ्यांना सांगितले, "टोपीला नव्वद टाके घाला." महिनाभर दुपारी आणि रात्री सुया चालल्या. मग औशामार्गे आम्ही तिकडे गेलो.

वाटप सुरू झाले आणि माझी मान खाली गेली. त्याच नव्वद टाक्यांची एक टोपी चार वर्षांच्या मुलालाही कानापर्यंत येईना, दुसरी दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांवर घसरे. हातमोजांच्या जोडीत एक मोठा, एक लहान. एका मुलीच्या हाती आले ते दोन्ही मोजे डाव्या हाताचे. त्या मुलीने काही तक्रार केली नाही. तिने एक मोजा उलटा घालून पाहिला, अंगठा बसेना, तेव्हा तो धाकट्या भावाच्या हातात चढवला आणि स्वतःचा उघडा हात ओढणीत गुंडाळला. तिची आई मलाच धीर देत म्हणाली, "राहू द्या बाई, तुम्ही एवढ्या लांबून आणलं." माझ्या मनाला ते आजही बोचते. आमची नियत चांगली होती, परंतु माप घेतले नव्हते. ज्याने घर गमावले त्याला आपण अंदाजाने वस्तू देतो आणि वर त्यालाच आपले समाधान करावे लागते, ही चूक माझी होती. लोकरीची नव्हे, बायकांचीही नव्हे.

चूक कोठे झाली ते सांगते. मुलींनो, आता वही काढा.

प्रत्येकीचा हात निराळा. जाड लोकर आणि आठ नंबरच्या सुया घेऊन माझे एका इंचात पाच टाके बसतात. म्हणजे नव्वद टाके अठरा इंच भरतात. वीस इंचांच्या डोक्याला अठरा इंचांची टोपी ताणून नीट बसते. पण जिचा हात घट्ट, तिचे इंचात सहा टाके बसतात. तिचे नव्वद टाके पंधराच इंच भरतील. जिचा हात सैल, तिचे चार. तिची टोपी साडेबावीस इंचांची होईल. टाके तेच, टोप्या तीन. म्हणून आधी वीस-पंचवीस टाक्यांची नमुना पट्टी विणा, धुवा, वाळवा, मग पट्टीने मोजा. हा एक दिवस वाया जात नाही. तो पुढचा महिना वाचवतो.

मग हिशेब. काठ दोन सुलट, दोन उलट असा दोन इंच विणायचा. अशा काठाला चारच्या पाढ्यातली संख्या अधिक दोन असे टाके घ्या : टोपीला 90, मनगटाला 34. म्हणजे ओळ सुलटने सुरू होऊन सुलटनेच संपते आणि शिवण घालताना दोन्ही कडांचा एकेक टाका आत गेला तरी नक्षी तुटत नाही. टोपीचा काठ झाला की साधे विणत जा. काठापासून साडेपाच इंच झाले की दोन टाके कमी करून 88 करा. अठ्ठ्याऐंशीचे आठ भाग, प्रत्येक भागात अकरा टाके. एक ओळ सोडून प्रत्येक भागात दोन टाके एकत्र विणा. दर वेळी आठ कमी होतात : 80, 72, 64. दहा वेळा केले की आठ टाके उरतात. त्यांतून धागा ओवून आवळा. मफलरला तीस टाके, सहा इंच रुंद, चाळीस इंच लांब. तो दोन्ही बाजूंनी सुलटच विणा, नाहीतर कडा वळतात. हातमोजे एकाच सुईवर दोन गुंडे घेऊन जोडीने विणा. ओळी आपोआप सारख्या होतात, आणि एक अंगठा उजवीकडे, एक डावीकडे, हे डोळ्यांसमोर राहते. माझ्यासारखे दोन डावे मोजे होणार नाहीत.

लोकर संपूर्ण संचाची एकदमच घ्या. लहान मुलाला सुमारे दोनशे ग्रॅम पुरते. वेष्टनावर रंगाचा लॉट नंबर असतो, तो सर्व गुंड्यांवर एकच आहे ना ते पाहा. महिन्याने तोच निळा मागाल तर दुकानदार तोच देईल, परंतु उन्हात धरल्यावर टोपी एक निळी आणि मफलर दुसरा निळा दिसेल.

आता पालकांशी दोन शब्द. या कलेवर मुलीचे पोट भरेल असे मी म्हणणार नाही. लुधियानाच्या यंत्रावर विणलेली टोपी रस्त्यावर ज्या दराने मिळते त्या दरात हाताने विणलेली देता येत नाही. आपल्या लेकराचे मापाचे ऊबदार वस्त्र आणि थोडीफार वरकमाई, एवढेच. म्हणून "तिला शिवण-विणकाम येते, आता शाळा पुरे" हे वाक्य मी अनेक वर्षे ऐकले आणि दर वेळी त्याने मला दुःख झाले. ज्या मुलीने अठ्ठ्याऐंशीचे आठ भाग केले, डोक्याच्या मापावरून टाके काढले, तिने त्रैराशिक सोडवले आहे. तिला गणित येत नाही असे कोण म्हणेल? विणकाम हे शाळा सोडण्याचे कारण नव्हे. ती पुढे शिकू शकते याचा तो पुरावा आहे.

कुरआन शरीफच्या सूरह नहलमध्ये एका बाईचा दृष्टान्त आहे. तिने घट्ट कातलेले सूत स्वतःच उसवून तुकडे तुकडे केले. तो शपथ मोडणाऱ्यांसाठी आहे हे मला ठाऊक आहे, आणि मी काही आलिमा नाही. परंतु नववी-दहावीपर्यंत आणलेल्या मुलीचे नाव शाळेतून काढताना पाहिले की मला ती बाई आठवते. चुकलेली ओळ उसवावी, त्यात लाज नाही. मी शेकडो उसवल्या. नीट चाललेले काम मात्र अर्ध्यावर उसवू नये.

प्रदर्शनातले संच नंतर गरजू मुलांना देणार असे कळले. उत्तम. फक्त देण्याआधी त्या मुलांच्या डोक्याचे आणि हाताचे माप घ्या. एवढे बोलून मी आपली रजा घेते. खुदा हाफिज.