जमिनीलगतचा कॅमेरा

कासच्या पठारावर उभ्यानं टिपलेलं फूल फोटोत ठिपक्याएवढंच उरतं. तोच छायाचित्रकार पायवाट न सोडता पालथा पडला, की बोटभर उंचीची ‘सीतेची आसवं’ ही फुलं थेट आभाळाला भिडतात. मागची गर्दीही गायब! पायवाट सोडायची नाही, हे मात्र महत्त्वाचं. एका कोपराखाली कितीतरी रोपं चिरडतात.

सिनेमातही हीच युक्ती: १९४१च्या ‘सिटिझन केन’ या चित्रपटासाठी ऑर्सन वेल्स आणि छायालेखक ग्रेग टोलंड यांनी सेटची जमीन फोडून कॅमेरा खाली उतरवला. खालून छत दिसणारच, म्हणून ते कापडाचं केलं आणि मायक्रोफोन त्याच्यावर लपवले.

आज मोबाइल उलटा धरला, तरी वरच्या कोपऱ्यातली लेन्स जमिनीला टेकते. चिखलाचा शिंतोडा उडालाच, तर मऊ फडक्यानं हलकेच टिपावा.