सायकलीवरचे बारगीर



मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार आणि ज्याचा घोडा सरकारी पागेतला तो बारगीर, हे आपण शाळेत घोकले. परंतु युरोपातील धंदेवाईक सायकलपटूचे आयुष्य समजून घेताना हा जुना दफ्तरी भेद मला जितका उपयोगी पडला, तितका कोणताही क्रीडाविषयक ग्रंथ पडला नाही. सायकल संघाची, अंगातला सदरा जाहिरातदाराचा, मुशाहिरा करारनाम्याने ठरलेला. मुदत सरली आणि पाय थकलेले दिसले, की दुसरी पागा शोधावयाची.

या चाकरीचे मूळ वाऱ्यात आहे. पुढच्याच्या चाकाआड राहणाऱ्याचे श्रम सुमारे एकतृतीयांश वाचतात. म्हणून तूर द फ्रान्समध्ये, जिचे २१ टप्पे मिळून तीन हजार किलोमीटरांच्या वर जातात, आठांच्या पथकात बहुधा एक नायक असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी वारा अंगावर घेतात, मागच्या मोटारीपाशी जाऊन पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात कोंबून आणतात. फ्रेंच लोक त्यांना चक्क ‘घरगडी’ म्हणतात. नायक जिंकला, तर बक्षिसाची रक्कम गड्यांत वाटून टाकण्याची रीत आहे. नाव मात्र वाटता येत नाही.

१९३४च्या याच शर्यतीत रने व्हिएतो नावाचा वीस वर्षांचा पोर, जो पूर्वी कान शहरातील हॉटेलात पोऱ्याचे काम करी, पिरेनीजच्या घाटांत सर्वांना भारी पडत होता. उतारावर त्याच्या पथकाचा नायक आंतोनँ मान्य याचे चाक मोडले. व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून दिले आणि स्वतः दगडी कठड्यावर बसून डोळे पुसू लागला. त्याचे ते छायाचित्र जगभर गेले. दुसऱ्या दिवशी मान्य पुन्हा अडला, तेव्हा पुढे गेलेला व्हिएतो उलटा फिरून घाट चढून आला आणि या खेपेस त्याने सबंध सायकलच दिली. मान्य शर्यत जिंकला. व्हिएतो पाचवा आला, घाटांचे पारितोषिक तेवढे त्याचे.

आपल्याकडे उलट सारे शिलेदार. १९३८च्या सिडनीतील साम्राज्य क्रीडास्पर्धेत सायकल चालविणारे जानकीदास पुढे हिंदी चित्रपटांतील चरित्र-अभिनेते म्हणून ओळखले गेले, यावरून काय ते समजावे! मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणारास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. राज्य आहे, जहागीर नाही. रेल्वेत अथवा लष्करात खेळाडू म्हणून भरती झाली, तर पोटाची चिंता मिटते, आणि या नोकरीसाठीच पोरे सायकल हाणतात असे कुणी नाक मुरडून म्हणतो, तेव्हा मला त्याचाच राग येतो. पागा नको, फक्त घोडदौड हवी, हा कुठला न्याय?

एका वर्षी बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी मी ही मुंबई–पुणे शर्यत पाहत उभा होतो. चढणीवर एका मुलाचे मागचे चाक बसले. त्याच्यामागे मोटार नव्हती. त्याने सीटखाली बांधलेले जादा टायर सोडले, फाटलेले दातांनी धरून रिमवरून सोलून काढले, नवे चढविले, आणि पंपावर दोन्ही हातांचा भार टाकताना घामाची धार चेनवर पडत राहिली. कुणी देवळातले पाणी दिले, ते त्याने प्यायले नाही, डोक्यावर ओतले. फाटके टायर टाकून दे, असे मी सांगितले, तर त्याने ते घडी घालून पोटाशी सदऱ्यात खोचले. ते मित्राचे होते, सोमवारी परत करावयाचे होते.