यीस्ट टाकायची घाई

आज एका फसलेल्या बॅचची गोष्ट. सिएटलच्या गॅरेजमध्ये २० लिटर वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी उकळलं आणि दहा-दहा लिटर दोन बादल्यांत ओतलं. एकीत यूएस-०५ यीस्ट, दुसरीत एस-०४. मस्त ए/बी टेस्ट! पण रात्रीचे बारा वाजले, धीर सुटला. पहिलीत ३० अंशांवरच यीस्ट टाकलं. दुसरीत सकाळी, १९ अंशांवर. तीन आठवड्यांनी पहिलीला नेलपॉलिशसारखा वास! मी यूएस-०५ला शिव्या घातल्या. अरे, पण मी तर दोन गोष्टी बदलल्या होत्या ना! आई विरजण लावताना आधी बोट बुडवून दूध कोमट झालंय का ते बघते. बीटेक मी केलंय, थांबणं तिला येतं. आता तापमान एकच, फक्त यीस्ट वेगळं. भेटूया पुढच्या भागात!