वर्गशिक्षिकेपासून शाळा-अधीक्षकापर्यंत



अमेरिकेत सरकारी शाळांचा कारभार ‘शाळा-जिल्हा’ या स्थानिक संस्थेकडे असतो. असे सुमारे १३ हजार जिल्हे त्या देशात आहेत. आपला महसुली जिल्हा तो हा नव्हे. एखाद्यात दोनतीनच शाळा असतील, तर एखाद्यात शेकडो. बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडलेले शिक्षण मंडळ आपला मुख्य अधिकारी, म्हणजे अधीक्षक, ठराविक मुदतीच्या करारावर नेमते. या जागेवर येणारी व्यक्ती बहुधा आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग कचेरीतील अधिकारी अशा पायऱ्या चढून आलेली असते व मधल्या काळात तिने विद्यापीठाची उच्च पदवी मिळविलेली असते.

एवढ्यावर थांबलो तर आपण म्हणाल, साहेब, बढतीचे नियम आम्हांसही वाचता येतात. म्हणून एका बाईंची हकीकत सांगतो.

एला फ्लॅग यंग यांचा जन्म १८४५ चा. १८६२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या शिकागो शहरात शिक्षिका झाल्या. १८७६ मध्ये मुख्याध्यापिका, १८८७ मध्ये सहायक अधीक्षक. १८९९ साली वरिष्ठांचे धोरण न पटल्यामुळे त्यांनी ती जागा सोडली. पन्नाशी उलटलेली. या वयात आपल्यापैकी पुष्कळजण निवृत्तिवेतनाचे आकडे मांडू लागतात! बाईंनी शिकागो विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्यापाशी अभ्यास केला आणि १९०० साली डॉक्टरेट मिळविली.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता शाळेतील विलगता. ठरविणारे एकीकडे आणि राबविणारे दुसरीकडे, अशी शाळाव्यवस्थेची फाळणी झाली, की शिक्षक केवळ हुकुमाचा ताबेदार उरतो. आणि ज्याला स्वतः विचार करण्याची मुभा नाही, तो मुलांना विचार करावयास कसा शिकविणार? हे लिहिणारीने पंचवीस वर्षे शाळांतून आणि बारा वर्षे कचेरीतून हा प्रकार पाहिला होता, म्हणून त्या लिखाणाला वजन आहे.

१९०५ साली त्या शिकागोच्या अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या व १९०९ मध्ये शहराच्या शाळांच्या अधीक्षक. एवढ्या मोठ्या शहराच्या शाळांची सूत्रे अमेरिकेत प्रथमच एका स्त्रीच्या हाती आली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय शिक्षण संघाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. तेही स्त्रीला पहिल्यानेच. लिंगभेदावरून मताधिकार नाकारू नये ही घटनादुरुस्ती त्या देशात व्हावयास १९२० साल उजाडावे लागले. तोवर बाई हयात नव्हत्या.

अधीक्षकपदी त्यांचा भर शिक्षकांच्या मंडळांवर होता. अभ्यासक्रम, पुस्तके, पद्धती यांविषयी वर्गात उभे राहणाऱ्यांनी एकत्र बसून बोलावे आणि ते बोलणे वरपर्यंत पोहोचावे, असा त्यांचा आग्रह. मंडळातील सर्वांना त्यांचा कारभार रुचला असे नाही. १९१३ च्या अखेरीस त्यांच्या जागी दुसऱ्याची नेमणूक झाली, तेव्हा नागरिकांनी, विशेषतः स्त्रियांनी, असा गदारोळ केला की त्यांना परत बोलवावे लागले. १९१५ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या निवृत्त झाल्या. १९१८ मध्ये वारल्या.

आपल्यातील कित्येक तरुण आज केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी या जागांच्या परीक्षांची तयारी करीत आहेत. जरूर करावी. माझे मत विचाराल, तर पायरी चढलेला मनुष्य शाळेत आल्यावर प्रथम हजेरीपट मागतो की फळ्याकडे पाहतो, यावरून त्याच्यात शिक्षक किती शिल्लक आहे ते कळते.

आपल्या शिक्षण परिषदेत बराच वेळ परिपत्रके वाचण्यात जातो, उरलेला चहात. पुढील महिन्यापासून पहिला अर्धा तास परिपत्रकांस हात लावावयाचा नाही. प्रत्येक शाळेने वर्गातील एक अडचण आणि तिच्यावर स्वतः करून पाहिलेला उपाय लिहून आणावा. अर्धे पान पुरे. ते कागद मी स्वतः तालुका कचेरीत नेईन आणि त्यांवर काय झाले ते त्यापुढील परिषदेत सांगेन.