बुद्धीची मालकी कोणाची?

१९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. बुद्धी जन्माने ठरत नाही, संधीने फुलते, हे त्यांनी कृतीने दाखविले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यूरालिंक कंपनीने मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या माणसाच्या मेंदूत संगणकाशी जोडणारे उपकरण बसविले. अपंगाला आधार मिळत असेल तर त्याचे स्वागतच. परंतु उद्या धडधाकटांची स्मरणशक्तीही विकत मिळू लागली, तर जतच्या दुष्काळी रानातील मुलीने धनिकाच्या मुलाशी स्पर्धा कशी करावी? ऊस पिकविणाराच कारखान्याचा सभासद, हा विचार सांगलीने जोपासला. बुद्धीच्या यंत्रालाही तोच न्याय हवा. मालकी समाजाची, वापर स्वेच्छेचा. आणि ते नाकारणाऱ्याची भाकरी हिरावली जाता कामा नये.