कपाल, कपाळ, कवटी

कपाळ म्हटले की मराठी माणसाला कुंकू आठवते, आठ्या आठवतात, नशीब आठवते. हाड काही आठवत नाही. संस्कृतातले कपाल मात्र हाडही होते आणि खापरही. वैदिक इष्टीत पुरोडाश नावाची पिठाची जाड पोळी भाजायला मातीच्या भाजक्या ठिकऱ्या निखाऱ्यांवर मांडत. त्या ठिकऱ्यांना कपाल म्हणत. अग्नीसाठीचा पुरोडाश आठ ठिकऱ्यांवर भाजला जाई, म्हणून तो अष्टाकपाल.

डोक्याचे हाड आणि मडके यांची ही सांगड आपल्याकडेच बसली असे नाही. लॅटिनमध्ये टेस्टा म्हणजे मातीचे भांडे किंवा त्याचे खापर. त्यातूनच फ्रेंच भाषेला डोक्यासाठी तेत हा शब्द मिळाला. जर्मन कोप्फ, म्हणजे डोके, हाही मुळात पेलाच.

सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार सांगितले: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. त्याच्या यादीत कपाल हाडे डोक्यात आहेत, तशीच गुडघ्यात, नितंबात, खांद्यात, गालात, टाळूत आणि शंखप्रदेशातही आहेत. म्हणजे त्याच्या लेखी कपाल हे जागेचे नव्हे, आकाराचे नाव. आपणही गुडघ्याच्या हाडाला वाटीच म्हणतो. सुश्रुताची नजर किती सूक्ष्म होती ते इथे दिसते. डोक्यातल्या हाडांच्या सांध्यांना त्याने सीमंत म्हटले. सीमंत म्हणजे केसांतला भांग! कवटीवरची नागमोडी शिवण ज्याने पाहिली असेल, त्याला या नावाचे मोल वेगळे सांगायला नको.

कवटीचे भिक्षापात्र हाती धरणारे ते कापालिक. पल्लव राजा महेंद्रवर्म्याने सातव्या शतकात मत्तविलास हे प्रहसन लिहिले. त्यात कांचीतल्या एका कापालिकाचे कपाल हरवते, बौद्ध भिक्षूवर आळ येतो आणि शेवटी कळते की ते कुत्र्याने पळवले होते. नाशिकच्या पंचवटीतला कपालेश्वरही याच शब्दाचा धनी; तिथे शिवासमोर नंदी नाही.

मराठीत ल चा ळ झाला आणि अर्थही आक्रसला. भुवयांपासून केसांपर्यंतचा पट्टा तेवढा कपाळ राहिला. सटवाई बाळाचे भविष्य लिहिते तेही तिथेच, त्यामुळे कपाळ म्हणजे दैव झाले आणि कपाळकरंटा, फुटके कपाळ असे शब्द रुळले. जुना अर्थ एका शब्दात मात्र टिकला: कपाळमोक्ष. चितेवर कवटी फुटते तो कपाळमोक्ष. जिन्यावरून पडून डोके फुटण्याची वेळ आली, तरी आपण तोच शब्द वापरतो.

रिकामी पडलेली हाडाची जागा कवटीने घेतली. विजेच्या खांबावरच्या ‘धोका’ पाटीवर ती असते, जहाल कीटकनाशकाच्या डब्यावर असते. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतमजुरालाही ती इशारा देते. डॉक्टरांच्या हिशेबात कवटीची हाडे 22: मेंदूभोवतीची 8 आणि चेहऱ्याची 14. बोलण्यात मात्र कवटीला तडा गेला म्हटले की मेंदूभोवतीचीच हाडे समजली जातात. ग्रंथांत करोटी असाही शब्द भेटतो, पण अपघातग्रस्ताच्या नातेवाइकांना कवटीच सांगावे. ती त्यांच्या ओळखीची आहे.

खरी अडचण टाळूची. संस्कृत तालु तोंडाच्या आत, जिभेच्या वर. मराठी टाळू तिथेही आहे आणि डोक्याच्या माथ्यावरही. दुभंगलेली टाळू म्हणजे तोंडातली. तान्ह्या बाळाची तेलाने भरतात ती माथ्यावरची. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा या दुसरीवरच हात मारतो. माथ्यावरची पुढची मऊ जागा साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते. आतल्या वाढत्या मेंदूला जागा देण्यासाठी बाळाच्या डोक्याची हाडे एकमेकांपासून सुटी असतात. जुलाब होणाऱ्या बाळाची टाळू खोल गेली, तर अंगातले पाणी कमी झाल्याची ती खूण असते. अशा वेळी आई दवाखान्यात येऊन ‘टाळू बसली’ म्हणते, तेव्हा डॉक्टरने बाळाचे तोंड उघडण्याआधी माथ्यावर बोट ठेवायला हवे.