घरांतील नवें बळद

मराठवाड्यांतील जुन्या घरांत धान्यासाठीं बळद असे आणि जमिनीच्या पोटांत पेंव असे. धाराशिवसारख्या, पावसाचा भरंवसा नसलेल्या जिल्ह्यांत एका सुगीचें धान्य पुढच्या अवर्षणाला पुरवावयाचें, हा त्यामागील हिशेब होता. बळद बांधणारा केवळ 'किती मावेल' एवढेंच पाहत नसे. ओल कोठून येईल आणि उंदीर कोठून शिरेल, हेंहि तो पाही. आज घरांत साठवावयाची वस्तु बदलली आहे. हे प्रश्न मात्र बदललेले नाहींत.

धाराशिव शहरांतील एखाद्या सुशिक्षित कुटुंबाकडे आज काय काय असतें? लग्नामुंजींचीं चलच्चित्रें असतात, मुलांचीं छायाचित्रें असतात, आजीच्या तोंडच्या ओव्या कोणीतरी मोबाइलवर टिपून ठेविलेल्या असतात. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता व तेथील दप्तराची भाषा उर्दू होती. त्यामुळें जमिनीचे कांहीं जुने कागद असे असतात कीं, ते घरांत कोणाला वाचतां येत नाहींत आणि टाकवतहि नाहींत. अशा कागदाचें एक मोठें पान इंचास ३०० ठिपके या मापानें रंगांत टिपलें व दाबून लहान केलें नाहीं, तर तें २५ मेगाबाइटच्या आसपास जागा घेतें. हा संग्रह क्षुल्लक मानूं नये. तेर येथील शासकीय वस्तुसंग्रहालय हें रामलिंगप्पा लामतुरे या एका गृहस्थानें स्वतः जमविलेल्या प्राचीन वस्तूंतूनच उभें राहिलें आहे.

दूरच्या कंपनीकडे दरमहा भाडें भरून हें सर्व ठेवतां येतें. परंतु कांहीं टेराबाइटांचा संग्रह झाला म्हणजे तें भाडें जन्माचें होऊन बसतें. घरींच साठवण उभी करणें आज साध्या मिळकतीच्या कुटुंबासहि अशक्य नाहीं. १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें पहिलें हार्ड डिस्कचें यंत्र विक्रीस आणलें, त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्व मिळून सुमारें ५० लाख अक्षरें सांठवीत. आजच्या मोबाइलचें एक छायाचित्र त्यांत जेमतेम मावलें असतें. आज तळहाताएवढ्या पेटींत कित्येक टेराबाइट मावतात.

अडगळींत पडलेला एखादा जुना संगणक, त्यांत बसतील तेवढ्या हार्ड डिस्क, आणि ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस यांसारखी विनामूल्य मिळणारी प्रणाली, एवढ्यावर काम भागतें. घरांतील सर्व मोबाइल व संगणक मग त्या एकाच कोठाराशीं जोडले जातात. विकत घेतलेली चार टेराबाइटची डिस्क पडद्यावर ३.६ एवढीच दिसली म्हणून दुकानदाराशीं भांडूं नये. तो हजाराच्या पटीनें मोजतो आणि संगणक १०२४ च्या, एवढाच फरक आहे. मात्र एका बाबतींत विचारपूस अवश्य करावी. कांहीं डिस्कांत अक्षरांच्या पट्ट्या कौलांप्रमाणें एकीवर एक चढवून बसविलेल्या असतात. त्यांत थोड्या किंमतींत अधिक माल राहतो, पण मधलें एक कौल बदलावयाचें तर पुढचींहि उचलावीं लागतात. अनेक डिस्क एकत्र जोडावयाच्या असतील, तर हा प्रकार टाळावा.

डिस्क बिघडते, हें गृहीत धरूनच बांधणी करावी लागते. हजारो डिस्क वापरणाऱ्या बॅकब्लेझ या कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांत वर्षाकाठीं शंभरांत एक-दोन डिस्क बंद पडतांना दिसतात. प्रमाण लहान आहे खरें. पण आपली डिस्क त्या एक-दोहोंतलीच निघाली, तर प्रमाणाचें समाधान काय कामाचें? यावर एक युक्ति आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ यांनीं १९८८ सालीं एका निबंधांत तिचें विवेचन केलें. एका महाग डिस्कऐवजीं अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्या, असें त्यांचें म्हणणें. तिचें इंगित जमाखर्चाच्या वहींत सांपडतें. ७, ५ आणि ९ अशा तीन रकमा व खालीं त्यांची बेरीज २१ लिहिली आहे. मधल्या रकमेवर शाई सांडली, तरी २१ मधून ७ आणि ९ वजा करतांच ५ परत मिळतात. चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या, तर तीन डिस्कांइतका, म्हणजे बारा टेराबाइट माल राहतो आणि एका डिस्कांइतकी जागा या बेरजेकडे जाते. मात्र दोन रकमा पुसल्या गेल्या, तर बेरीज निरुपयोगी. बिघडलेली डिस्क बदलून नवी पूर्ण भरावयास, सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगानेंसुद्धां सात तासांहून अधिक लागतात, आणि त्या तासांत बाकीच्या डिस्कांवर ताण पडतो. यासाठीं चारही डिस्क एकाच दिवशीं एकाच खोक्यांतून न घेतां वेगवेगळ्या वेळीं घेणें शहाणपणाचें.

विजेचा प्रश्न आपल्याकडे निराळा सांगावयास नको. मिनिटाला पांच-सात हजार फेरे घेणाऱ्या तबकडीवर लेखन चालू असतां वीज गेली, तर वही अर्धवट लिहिलेली राहते. म्हणून यूपीएस घ्यावा, आणि तो वीज गेल्याची सूचना तारेनें संगणकास देऊन त्याला रीतसर बंद करणारा असावा. वैशाखांतल्या उन्हांत ही पेटी माळ्यावर पत्र्याखालीं ठेवूं नये. तळघर किंवा जाड भिंतीची आंतली कोरडी खोली बरी.

येथवर बहुतेक हौशी लोक येतात आणि थांबतात. तेंच धोक्याचें आहे. बेरजेची युक्ति फक्त बिघडलेल्या डिस्कपासून वांचविते. मुलानें चुकून फोल्डर पुसलें, तर तें चारही डिस्कांवरून एकाच क्षणीं पुसलें जातें. चोर आला तर पेटी सगळीच नेतो. आणि भिंतीच राहिल्या नाहींत तर? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशीं, लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर यांसारख्या गांवांतील दगडमातीचीं घरें कोसळलीं आणि सुमारें दहा हजार माणसें गेलीं. त्या भिंतींबरोबर ट्रंकांतलीं कागदपत्रें आणि भिंतीवरच्या तसबिरीहि मातींत गेल्या. जे वांचले त्यांतील कित्येकांपाशीं गेलेल्या माणसाचें एक छायाचित्रहि उरलें नाहीं.

म्हणून ज्याला दोनच डिस्क परवडतात, त्यानें त्या एका पेटींत जोडूं नयेत. एक घरीं वापरावी आणि दुसरीवर सर्व उतरवून ती दुसऱ्या गांवीं ठेवावी: सोलापुरास बहिणीकडे, पुण्यास शिकणाऱ्या मुलाच्या खोलीवर, कोठेंहि. दसऱ्यास आणि पाडव्यास जाणें-येणें होतेंच. त्या वेळीं डिस्क घरीं आणून ताजी करावी व परत पाठवावी. परत पाठविण्यापूर्वी तींतील पांच-दहा चित्रें व एखादें चलच्चित्र उघडून पाहावें. पाहिल्यावांचून प्रत झाली असें समजूं नये. बाहेर जाणाऱ्या डिस्कला परवलीचा शब्द घातला असेल, तर तो कागदावर लिहून पाकिटांत बंद करावा, आणि पाकीट कोठें आहे हें घरांतील निदान दोन माणसांना ठाऊक असावें.